रेनकोट घालूनही भिजताय? पाणी कुठून शिरतंय ते आधी शोधा

दर पावसाळ्यात दुचाकीवाल्यांची तीच तक्रार कानावर येते. नवा रेनकोट घेतला, दुकानदाराने 'एकदम वॉटरप्रूफ' म्हणून गळ्यात मारला, मृगाच्या सरींना टिकला आणि आषाढातल्या पहिल्याच झडीत आतले कपडे पिळायची वेळ आली. पुढच्या वर्षी आणखी महागाचा घेतला जातो, आणि तोही गळतो.

कितीतरी जणांचे रेनकोट उलटेपालटे करून पाहिल्यावर माझं ठाम मत झालंय की कापडातून पाणी क्वचितच येतं. ते येतं शिवणीतून, चेनमधून, गळ्यातून, बाहीतून, पायाच्या टोकातून. कधी कधी तर ते पावसाचं नसतंच. त्यामुळे नवा कोट घेण्याआधी जुना नेमका कुठे गळतोय हे कळायला हवं, नाहीतर तीच चूक जास्त पैसे मोजून घरी येते.

बाजारातले बरेच रेनकोट चालणाऱ्या माणसासाठी बेतलेले असतात: हात खाली, पाय सरळ, पाऊस डोक्यावरून. गाडीवर यातलं काहीच खरं नसतं. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला साधारण ८ ते ९ मीटर वेगाने खाली येतो. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली की तुम्ही सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाता. म्हणजे अंगावर येणारा पाऊस वरून जितका, त्याच्या जवळपास दुप्पट जोराने समोरून येतो. त्यात हात पुढे ताणलेले, गुडघे वाकलेले, मांडीत पाणी साचेल असा खळगा झालेला आणि पुढच्या चाकाचं पाणी खालून उडतंय. या सगळ्याचा हिशोब न करता शिवलेला कोट कितीही चांगल्या कापडाचा असला तरी गाडीवर कमी पडतो.

आधी तपासणी

घरी पोचल्यावर भिजलेले कपडे लगेच दोरीवर टाकू नका. रेनकोट काढा आणि आतल्या कपड्यांवर ओल कुठे आहे ते नीट बघा. फिक्या निळ्या किंवा राखाडी सुती शर्टवर पाण्याचे डाग स्पष्ट उमटतात, म्हणून एक दिवस मुद्दाम तसा शर्ट घाला. ओलीचा आकारच बरंच काही सांगतो. छातीवर मधोमध उभी पट्टी ओली असेल तर चेन गळतेय. गळ्याखाली त्रिकोणी डाग असेल तर पाणी कॉलरमधून आलंय. मनगटापासून कोपरापर्यंत ओल चढली असेल तर बाही. मांड्यांच्या मध्ये आणि बुडाखाली असेल तर पँटची शिवण. पाठ आणि दंड सगळीकडे सारखे दमट असतील, कुठेही ठळक डाग नसेल, तर तो बहुधा घाम आहे.

शंका राहिली तर सुट्टीच्या दिवशी खात्री करून घ्या. गाडी मेन स्टँडवर लावा, रेनकोट-पँट चढवून तिच्यावर नेहमीसारखे बसा, हात हँडलवर, पाय फूटरेस्टवर, आणि घरातल्या कुणाला तरी समोरून बागेच्या पाइपने दहा मिनिटं पाणी मारायला सांगा. उभं राहून ही परीक्षा घेण्यात अर्थ नाही, कारण उभं राहिल्यावर बहुतेक रेनकोट पास होतात.

पँटसाठी एक वेगळी परीक्षा आहे. पँट उलटी करा, म्हणजे आतली बाजू बाहेर. मग दोन्ही पायांना मांडीपाशी गाठ मारून कमरेचा भाग पिशवीसारखा बादलीवर धरा, आत दोन-तीन मग पाणी ओता आणि वरून तळव्याने हलका दाब द्या. पाच-दहा मिनिटांत शिवणीवर मोहरीएवढे थेंब दिसायला लागले की दोष सापडला. खडूने तिथे खूण करून ठेवा.

बुडाखाली आणि मांड्यांच्या मध्ये ओलं

सगळ्यात जास्त तक्रारी याच जागेच्या, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथलेच. लोकांना वाटतं, वाऱ्याच्या जोराने पाणी कापडातून आत घुसतं. हिशोब करून बघा. ताशी ६० ला समोरच्या वाऱ्याचा दाब पाण्याच्या जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. थेंबांचा मार जोराचा असतो, पण क्षणभराचा. आता बैठकीचं बघा. ७० किलोचा माणूस साधारण हजार चौरस सेंटिमीटर जागेवर बसला, तर दर चौरस सेंटिमीटरला ७० ग्रॅम भार आला. हा झाला पाण्याच्या ७० सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे ७०० मिलिमीटरचा दाब. तोही सरासरी. बुडाची हाडं टेकतात तिथे तो याच्या कितीतरी पट असतो, खड्ड्यात गाडी आपटली की आणखी.

रेनकोटच्या लेबलवर १५०० मिमी, ५००० मिमी, १०,००० मिमी असे आकडे असतात ते याच पाण्याच्या स्तंभाचे. कापड पाण्याची एवढी उंची सोसतं, पलीकडे थेंब येऊ देत नाही, असा त्यांचा अर्थ. जॅकेटला १५०० चालून जाईल. पँटला ते चालत नाही, तिथे मी ५००० च्या खाली जाणार नाही, आणि रोज तासभर बसून जायचं असेल तर १०,००० बघेन.

पण आकडा कापडाचा असतो, शिवणीचा नाही. सुईने पाडलेल्या भोकांतून पाणी जायचंच. ही डोकेदुखी जलरोधक कापडाइतकीच जुनी आहे: स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश या रसायनतज्ज्ञाने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून असं कापड बनवण्याचं पेटंट घेतलं, पण शिंपी कोट शिवायला लागले की सुईच्या भोकांतून पाणी आत. आज त्यावर आतून गरम करून चिकटवलेली पारदर्शक पट्टी असते, म्हणजे सीम टेप. ती सगळीकडे टिकते आणि पँटच्या आसनात सुटते, कारण तिथे पुढच्या-मागच्या आणि दोन्ही पायांच्या अशा चार शिवणी एका बिंदूवर येतात. तिथे कापडाचे थर जाड होतात, पट्टीला नीट सपाट बसता येत नाही, आणि गाडीवर पाय टाकताना दर वेळी सगळा ताण तिथेच पडतो.

म्हणून पँट घेताना ती दुकानातच उलटी करून आसन बघा. चार शिवणी एका ठिकाणी भेटण्याऐवजी मध्ये चौकोनी जोड दिलेला असेल आणि बैठकीखालून एकही शिवण जात नसेल तर ती पँट घेण्यासारखी. पुढे चेन असलेली रेनपँट घेऊ नका. पाणी तिथेच साचतं, आणि चेनवरची झाकणपट्टी बसल्यावर उघडी पडते.

पाणी तिथे साचतं याला जॅकेटही जबाबदार असतं. आखूड जॅकेटवरून निथळलेलं सगळं पाणी थेट मांडीत येतं, पेट्रोलच्या टाकीवरचं उतारावरून सीटकडे येतं, आणि दोघांच्या मध्ये तुम्ही बसलेले. जॅकेट इतकं लांब हवं की बसल्यावर त्याचा घेर मांड्यांवरून बाजूला पडेल आणि मागून बुडाखाली चार बोटं तरी जाईल. त्याहून लांब मात्र नको, त्याचं कारण पुढे येईल.

शिवण गळत असेल आणि बाकी पँट धड असेल तर दुरुस्ती करा. सुटलेली पट्टी अर्धवट ठेवू नका, पूर्ण सोलून काढा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटने जागा पुसून कोरडी करा. पट्टीच्या जागी आतून शिवणीवर सीम सीलरचा, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणाऱ्या लवचिक डिंकाचा, पातळ थर लावा, तो ट्रेकिंगचं सामान ठेवणाऱ्या दुकानात मिळतो. रात्रभर सुकू द्या, मग दुसरा थर. फेविक्विक लावू नका: ते कडक होतं, पहिल्यांदा पाय दुमडला की तडकतं आणि भोक आणखी मोठं करतं. रस्त्याकडेच्या छत्री दुरुस्तीवाल्याकडून टाके मारून घेण्यातही अर्थ नाही, प्रत्येक टाका म्हणजे दोन नवी भोकं.

बैठकीचं आणखी एक कारण फार जणांच्या लक्षात येत नाही. पाऊस थांबलाय, ऊन पडलंय, कोरडी पँट घालून गाडीवर बसलात आणि दहा मिनिटांत बूड ओलं. हा दोष रेनपँटचा नाही, सीटचा आहे. सीट कव्हरच्या शिवणीतून किंवा छोट्या चिरेतून पाणी आतल्या फोममध्ये मुरतं आणि वजन पडलं की वर पिळलं जातं. वरून टाकलेली जाळीची कव्हरं हा त्रास वाढवतात. सीट काढून दोन दिवस उन्हात किंवा पंख्याखाली उभी ठेवा, मग कव्हर बदलून घ्या. कव्हर बदलणाऱ्याला फोम आणि कव्हरच्या मध्ये जाड प्लास्टिकचा कागद घालायला सांगा. काम किरकोळ आहे आणि टिकतं.

पाठ, दंड, छाती सगळंच दमट

हा घाम. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतच इतकी आर्द्रता असते की अंगातून निघालेल्या वाफेला बाहेर जायला वाट राहत नाही. ती थंड रेनकोटच्या आतल्या बाजूला लागून पाणी होते आणि आपल्याला वाटतं, कोट गळतोय. शंभर टक्के प्लास्टिकच्या कोटात तर हे होणारच.

यावर विकला जाणारा उपाय म्हणजे श्वास घेणारं कापड. त्यातल्या पडद्याची सूक्ष्म छिद्रं पाण्याच्या थेंबाला अडवतात आणि वाफेला जाऊ देतात. तत्त्व खरं आहे. अमेरिकेतल्या बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या जातीचं पॉलिमर ताणून असा पडदा बनवता येतो हे दाखवलं आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे कपडे बाजारात आले. पण वाफ बाहेर जाण्यासाठी आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरक लागतो. महाबळेश्वर, आंबोलीच्या थंड पावसात तो फरक मिळतो. पनवेल-ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये, उकाड्याच्या दमट हवेत, तो फारसा मिळत नाही. शिवाय बाहेरचं कापड पाणी पिऊन जड झालं की छिद्रांवर पाण्याचा थर बसतो आणि वाट बंद होते. म्हणून माझं मत सांगतो: घाटात, हायवेवर लांबचं जाणाऱ्याने अशा कापडावर पैसे घालावेत. मुंबई-ठाण्यात रोज सिग्नलला थांबत ऑफिस गाठणाऱ्याने ते पैसे चांगल्या पँटवर आणि पादत्राणांवर घालावेत.

घाम कमी करायचे साधे उपाय जास्त कामाचे ठरतात. कोट एक माप मोठा घ्या, आत हवा खेळायला हवी. पाठीवर झडपेखाली जाळी असलेला मिळाला तर उत्तम. आत सुती शर्ट आणि जीन्स घालून बसू नका, दोन्ही पाणी धरून ठेवतात. पॉलिएस्टरचा खेळाडूंचा टी-शर्ट घाला, तो अर्ध्या तासात अंगावरच सुकतो, ऑफिसचा शर्ट बॅगेत न्या. आणि कोट घरातून घालून, गाडी काढून, गेट बंद करून, हेल्मेट शोधत बसू नका. पार्किंगमध्येच अर्धा घाम येऊन जातो.

गळा आणि छाती

हेल्मेटच्या मागच्या कडेवरून ओघळलेलं पाणी बरोबर मानेवर पडतं आणि कॉलर सैल असेल तर पाठीतून थेट कमरेपर्यंत. कॉलर उंच, आतून मऊ आणि वेल्क्रोने आवळता येईल अशी हवी. बऱ्याच जणांना गळ्याभोवती रुमाल किंवा ओढणी गुंडाळायची सवय असते. ती सुती असेल तर दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढून आत शर्टपर्यंत पोचवते. बांधायचीच तर पूर्ण कॉलरच्या आत, टोक बाहेर नको.

टोपी म्हणजे हूड असलेल्या कोटाची दुकानात फार भलामण होते. गाडीवर ती मागे पडून राहते, त्यात पाणी भरतं आणि वाऱ्याने फडफडते. हेल्मेटच्या वरून ओढली तर दोन्ही बाजूंचं दिसणं बंद होतं. आत घातली तर जाड टोपीमुळे हेल्मेट नीट बसत नाही आणि पडल्यावर निसटू शकतं. बटणाने काढता येणारी असेल तर काढून घरी ठेवा, नसेल तर गुंडाळून कॉलरमध्ये बंद करा.

चेनबद्दल थोडक्यात: साधी चेन पाणी अडवत नाही, अडवते ती तिच्यावरची झाकणपट्टी. एकच पट्टी असेल तर समोरचा वारा तिच्या कडेखालून पाणी ढकलतो. दोन पट्ट्या हव्यात, एक चेनच्या आत आणि एक बाहेर, आणि आतल्या पट्टीची कड पन्हळीसारखी दुमडलेली असेल तर शिरलेलं पाणी खाली वाहून जातं. वेल्क्रो धरत नसेल तर कोट टाकून देऊ नका, त्यात धागे आणि माती अडकलेली असते. जुन्या टूथब्रशने घासून काढा, बऱ्याचदा पुन्हा नव्यासारखं चिकटतं.

खांद्यावर दोन पट्टे ओले असतील तर कारण आहे पाठीवरची बॅग. तिचे बंद कोटावर सतत दाबून आणि घासून कापडाचा आतला थर झिजवतात. बॅगेवरचं पावसाळी कव्हरही फक्त बाहेरून झाकतं, पाठीच्या बाजूने पाणी उतरतच राहतं. बॅग मागच्या सीटवर बंजी दोरीने आवळा आणि आतलं सामान जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड दुमडून बंद करा. लॅपटॉपसाठी माझा भरवसा या पिशवीवर जास्त आहे.

बाही आणि हात

हँडल धरल्यावर बाही दोन-तीन इंच मागे सरकते, म्हणून दुकानात हात खाली सोडून माप बघू नका, समोर ताणून बघा. हातमोजा बाहीच्या आत की बाहेर, हे तुमच्या हँडलवर अवलंबून आहे. साध्या गाड्यांवर मनगट कोपराच्या खाली असतं, त्यामुळे पाणी मनगटाकडे वाहतं, तिथे बाही मोज्याच्या बाहेर हवी. हात उंच राहणाऱ्या क्रूझर गाडीवर पाणी कोपराकडे येतं, तिथे लांब मोजा बाहीच्या वर. बाहीला आतून इलास्टिकची दुसरी बाही असेल तर ही कटकटच राहत नाही.

आतल्या फुल शर्टच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडा. शर्टचा कफ बोटभर जरी बाहेर डोकावला तरी कोपरापर्यंत ओल चढते. हातमोजे जलरोधक घ्यायची ऐपत नसेल तर मेडिकलमधले पातळ नायट्राइलचे मोजे नेहमीच्या मोज्यांच्या आत घाला. वरचे भिजतील, पण बोटं थंडीने आखडणार नाहीत, आणि घाटात ब्रेक दाबणारी बोटं आखडणं ही साधी गोष्ट नाही.

पाय

गुडघा वाकला की पँट वर ओढली जाते. उभं राहून बरोबर वाटलेली पँट गाडीवर घोट्याच्या चार बोटं वर येते, खालून जीन्स डोकावते, ती पाणी पिते आणि ओल गुडघ्यापर्यंत चढते. मग माणूस म्हणतो, पँट गुडघ्यात गळते. उभं असताना पायात लोळेल इतकी लांब पँट घ्या आणि घोट्याला वेल्क्रोने आवळा. पोटरीपर्यंत चेन असली तर बुटांसकट चढवता येते, नाहीतर पुलाखाली एका पायावर उड्या मारत बसावं लागतं.

बुटांचं पाणी मात्र आकाशातून कमी आणि पुढच्या चाकातून जास्त येतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांचा पुढचा मडगार्ड आखूड असतो. चाकाने उडवलेला फवारा सरळ नडग्यांवर, बुटांवर आणि इंजिनावर. मडगार्डला खालून रबरी झडप लावून घ्या. कुठलाही मेकॅनिक दोन बोल्टांवर बसवून देतो. चाकाला घासत नाही ना, एवढं हाताने चाक फिरवून आणि हँडल दोन्हीकडे वळवून बघा. एवढ्या थोड्या पैशांत याहून जास्त फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

पादत्राणांत मधलं काही घेऊ नका. एकतर घोट्याच्या वर जाणारे पूर्ण जलरोधक बूट, नाहीतर पाणी येईल तसं निघून जाईल अशा मागून पट्टा असलेल्या रबरी सँडल्स आणि बॅगेत कोरडे मोजे-बूट. अर्धवट जलरोधक कॅनव्हासचे बूट एकदा भरले की दोन दिवस सुकत नाहीत. बुटांवरून चढवायच्या प्लास्टिकच्या कव्हरांचा तळवा ओल्या ब्रेक पॅडलवर घसरतो, फूटरेस्टवर झिजतो. घ्यायचीच असतील तर खाली जाड खाचांचा रबरी तळवा असलेलीच घ्या. गमबूट चांगले, फक्त पुढचं टोक गिअर लिव्हरखाली सहज जातं का ते गाडीवर बसून बघा. आणि पँट गमबुटाच्या बाहेरून घाला, आत खोचली तर बूट टाकीसारखा भरतो. स्लिपर घालून गाडी चालवू नका. ओल्या पायातून ती निसटते आणि पाय टेकायच्या क्षणीच दगा देते.

काचेवर वाफ

हेल्मेटची काच आतून धूसर होत असेल तर ती एक खाच उघडी ठेवा आणि श्वासाची वाफ काचेकडे जाऊ न देणारी, नाकावर येणारी पट्टी हेल्मेटमध्ये बसवा. आतून लावायची पिनलॉक पट्टी बसणारी काच मिळत असेल तर ती सगळ्यात खात्रीची. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आतून चोळून कोरड्या मऊ फडक्याने पुसला तरी थोडा वेळ निभावतं. काळी किंवा रंगीत काच पावसात वापरू नका, संध्याकाळी साडेपाचलाच रात्र होते.

गळत नाही, पण जिवावर बेतू शकतं

पॉंचो, म्हणजे डोक्यातून घालायची घोंगडीसारखी चादर, गाडीवर कधीही नको. वाऱ्याने ती फुगते, तोंडावर येते, चेन-स्प्रॉकेटमध्ये किंवा मागच्या चाकात अडकते. गुडघ्याखाली जाणारा लांब रेनकोटही तसाच: बसल्यावर त्याचे पल्ले चाकाकडे लोंबतात आणि मागचा दिवा झाकतात. मागे बसणाऱ्या वहिनी, ताई, आजी साडीवर लांब रेनकोट घालतात, तेव्हा निघण्याआधी एकदा खाली वाकून पल्ला साडीगार्डच्या आत आहे का ते बघा. त्यांना छत्री उघडून धरायला तर मुळीच देऊ नका. एका झोताने छत्री उलटते, तोल जातो आणि माणूस मागच्या गाडीसमोर पडतो. मागच्याला दुसरा पूर्ण सेट घेऊन द्या.

रंगाबाबत मी फार आग्रही आहे. दुकानात काळे आणि गडद निळे कोट सर्वात आधी पुढे केले जातात, कारण मळ दिसत नाही. पण धुवांधार पावसात, संध्याकाळी, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला माणूसही दिसत नाही. १ एप्रिल २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा आपोआप चालू राहतो, त्यामुळे समोरच्याला तुम्ही दिसता. मागून दिसायची जबाबदारी तुमच्या पाठीवर आहे. पोपटी-पिवळा किंवा भगवा रंग घ्या, पाठीवर आणि दंडांवर चमकणाऱ्या पट्ट्या हव्यात. जुना काळा कोट धड असेल तर त्यावर पिवळं रिफ्लेक्टर जॅकेट चढवा, हार्डवेअरच्या आणि सेफ्टीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. त्याच्या कडा फडफडत नाहीत ना, एवढं बघा.

पँटचा पाय सायलेन्सरला टेकला तर नायलॉन क्षणात वितळतं आणि सायलेन्सरवर काळा थर बसतो. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून उजव्या पायाचा घोळ नीट आवळा.

घेताना कुठला

प्लास्टिकचा म्हणजे पीव्हीसीचा कोट सर्वात स्वस्त, पाणी पक्कं अडवतो, पण घड्यांवर तडकतो आणि आत उकडतं. शेतावर, बाजाराला, पाच-सात किलोमीटरला ठीक. आतून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, थर दिलेला नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दोन भागांचा सेट बहुतेकांसाठी योग्य, फक्त शिवणींवर पट्टी आहे ना हे उलटा करून बघा. रबरी कापडाचे जड कोट अजूनही मिळतात. वजनदार असतात, पण कोकणातल्या झडीत दिवसभर काम करणाऱ्याला त्यांच्यासारखा आधार नाही. रायडिंग जॅकेटमध्ये आतून लावायचा पावसाळी अस्तर-थर येतो, त्याचा दोष असा की बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड आणि गार होतं. जॅकेटच्या वरून चढेल असा सैल कोट घेतलेला बरा.

आणि कोणताही सेट घ्या, पैसे देण्याआधी तो चढवून दुकानाबाहेर उभ्या असलेल्या तुमच्याच गाडीवर बसा. चांगला दुकानदार अडवत नाही.

सांभाळायचं कसं

ओला कोट डिकीत कोंबून ठेवणं हे त्याच्या मरणाचं मुख्य कारण. पीयूचा थर ओल आणि उष्णता यांनी हळूहळू विरघळल्यासारखा होतो: आधी चिकट लागतो, मग आंबूस वास येतो, मग पांढरे पापुद्रे सुटतात. घरी आल्यावर आधी बाहेरची बाजू, मग उलटा करून आतली बाजू, सावलीत सुकवा. सायलेन्सरवर किंवा गिझरजवळ नको. चिखल साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने काढा. धुण्याची पावडर, मशीन, इस्त्री यांपैकी काहीच नको. दसऱ्यानंतर घडी घालून माळ्यावर टाकण्याऐवजी हँगरवर सैल लटकवा, आणि मे महिन्यात, दुकानांत गर्दी व्हायच्या आधी, बादलीची परीक्षा पुन्हा घ्या.

पापुद्रे सुटायला लागलेल्या कोटाला कुठलाही सीलर वाचवत नाही, त्यावर पैसे घालू नका. त्याची पाठ सहसा सर्वात शेवटी जाते. ती कापून, कडा दुमडून, रात्री उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या सीटवर बांधायला घ्या.